पुंगोलच्या किल्ल्यावरची कोळीण

मी एक कोळीण आहे. मासे विकणारी नव्हे हो, जाळं विणणारी! मित्रांनो, हसू नका. आफ्रिकेच्या गवताळ माळरानांवर माझे भाऊबंद चक्क सिंहांच्या शेजारी राहतात. आमच्या घरातल्या छोट्या आर्याने मोबाइलवर हे मोठ्याने वाचलं, तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. तसे ते कधीच नसतात म्हणा!

मी मात्र अस्सल सिंगापूरची. वाऱ्यावर तरंगत पुंगोलच्या एका फ्लॅटच्या बाल्कनीत आले. दिवाळीत आर्या आणि तिचे बाबा शैलेंद्र यांनी तिथे मातीचा किल्ला केला आणि त्यावर मोहरी पेरली. हिरवंगार रान उगवलं आणि मला घरबसल्या माळरान मिळालं! बुरुजापासून ग्रिलपर्यंत मी जाळं विणलं, मधोमध पांढरी नागमोडी नक्षी काढली. "वाह्, सो प्रिटी लाह!" आर्या तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली. शैलेंद्रनी फोटो काढून गावभर पाठवला. मी डास मटकावत ऐटीत राहू लागले. मग एके दिवशी बुरुजाला अंड्यांची पिशवी चिकटवली.

दिवाळी संपली. आर्याची आई प्रणिता झाडू घेऊन आली.

"चला, किल्ला मोडायचा आता. आणि आधी हे जळमट!"

जळमट? माझ्या नक्षीला जळमट? असा राग आला म्हणून सांगू! पण भीती त्याहून मोठी होती. मी पळाले असते हो, पिशवी कशी नेणार? जीव खाऊन मी जाळं गदागदा हलवलं.

"अगं बाई! अंगावर येतेय ही!" प्रणिता मागे सरली.

"आई, डोन्ट लाह! तिची बेबीज आहेत आत!" आर्या मध्ये येऊन उभी राहिली.

प्रणिताने वाकून पिशवी पाहिली. मी आठही पायांनी पिशवीला बिलगले. तिने हळूच झाडू खाली ठेवला.

"अगं, मग ही बाळंतीण आहे की! बाळंतिणीला कुणी घराबाहेर काढतं का? राहू दे तो बुरुज."

बाकीचा किल्ला गेला, मोहरी वाळली, बुरुज तेवढा उभा राहिला. आणि आज सकाळी, मित्रांनो, पिशवी फुटली! "आली, आली! आर्या, धाव!" सगळ्यांत आधी कोण ओरडलं असेल? प्रणिता! माझी इवली इवली लेकरं एकेक धागा सोडून वाऱ्यावर स्वार झाली आणि एलआरटी ट्रेनच्या रुळांवरून पलीकडच्या झाडांकडे निघाली. मला तर आनंदाने काय करू नि काय नको असं झालंय!

त्यांतलं एखादं उद्या तुमच्याही खिडकीशी येईल. त्याचा तुम्हाला काडीचा त्रास होणार नाही, उलट डास कमी होतील. घर तुमचं आहे, झाडू जरूर मारा. फक्त त्याआधी एकदा वाकून बघा. प्रणिताने पाहिलं, म्हणून आज मी आई आहे.