जबड्याचं कुलूप

भोपळ्या कुत्र्याच्या तोंडात मनगटापर्यंत हात घालून कवळीवाली त्याच्या मागच्या दाढेत अडकलेला मेणाचा तुकडा खरवडून काढत होती, आणि नेमक्या त्याच वेळी घरमालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अगं बाई!" त्या किंचाळल्या. "हात काढ! आधी काढ तो हात!"

"काढते. जरा थांबा, निसटतंय."

भोपळ्या जबडा वासून, डोळे छताकडे लावून, शहाण्या पेशंटसारखा बसला होता. त्याची लाळ तिच्या कोपरापर्यंत ओघळली होती. अखेर गुलाबी मेण नखाला लागले, ते तिने फडक्यावर टाकले आणि भोपळ्याच्या रुंद कपाळावर एक चापट दिली. कवळीच्या हिरड्या ज्याने घडवायच्या ते हे मेण. त्याला ते खाऊ वाटायचे. खोलीभर प्लास्टरचे साचे मांडलेले होते, आणि टेबलाखालची जागा भोपळ्याची होती. आसपासच्या गल्ल्यांतली निम्मी म्हातारी माणसे या टेबलावर घडलेल्या दातांनी जेवत. मालकीणबाईंची वरची कवळीही इथलीच.

"असल्या कुत्र्यांचा जबडा म्हणे एकदा मिटला की कुलूपच लागतं," मालकीणबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "माणूस मेला तरी उघडत नाही."

"कुलूप कसलं? तुमच्या-माझ्यासारखीच बिजागरी असते. तुमचे दात बसवले तेव्हा कुलूप घातलं होतं का मी?"

मालकीणबाईंचा हात नकळत ओठांकडे गेला, पण त्या हसल्या नाहीत. पलीकडच्या रस्त्यावर एका कुत्र्याने एका माणसाची मांडी फोडली होती आणि ती बातमी सगळ्यांच्या फोनवर फिरत होती. कुत्रा पिटबुल होता, असे सगळेच छातीठोकपणे सांगत होते.

"माझी नात आता रांगायला लागलीय. उद्या काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? तुझा हा आणि वरच्या आचाऱ्याची ती, दोन्ही पिटबुल महिनाअखेर इमारतीच्या बाहेर. मला तर दोघांतला फरकही कळत नाही, आणि कळून घ्यायचाही नाही."

एवढे बोलून त्या गेल्या. कवळीवाली हात धुवायला उठली. ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. भाड्याच्या खोलीत एकटीने धंदा उभा करताना तिने याहून मोठी माणसे समजावली होती. कुणीतरी जाणकाराने मालकीणबाईंना याचा स्वभाव सांगायला हवा, एवढेच तिच्या मनात आले.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या थोरल्या बहिणीला, ताईला, बरोबर घेऊन भोपळ्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी त्याचे डोके चाचपले, कान उलटून पाहिले, पंजे दाबले. भोपळ्याने त्यांचा चष्मा चाटला.

"हा पिटबुल आहे, असं कोण म्हणतं?"

"सगळेच. रस्त्यावर सापडला तेव्हापासून."

"डोकं मोठं आणि मान जाड दिसली की लोक शिक्का मारून मोकळे होतात. माझ्या मते हा सरमिसळ आहे. पिटबुल तर नक्कीच वाटत नाही."

"आणि असता तर?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. "असता तरी हेच सांगितलं असतं. भरपूर पळवा, नीट शिकवा, लहान मुलाजवळ एकटं सोडू नका. कुठल्याच कुत्र्याला सोडू नये. अंगात जोर आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण जोर म्हणजे दुष्टपणा नव्हे."

बाहेर येताच ताईने तिचा दंड दाबला. "सुटलीस गं! आत्ताच्या आत्ता फोन लावते तुझ्या मालकीणबाईंना."

कवळीवालीने तिला अडवले नाही. रस्ताभर ती भोपळ्याशी बडबडत होती.

जिन्यात आचारी बसले होते. उभी हयात जहाजांवरच्या स्वयंपाकघरात गेलेला हा माणूस मांडीवर एक जुनी गोधडी घेऊन तिची घडी घालत होता. त्यांची बेबी शेजारी पसरली होती. रंग भोपळ्यासारखाच तपकिरी, पण वयाने तोंड पांढरे झालेले. भोपळ्याला पाहून ती गुरगुरली, तसे कवळीवालीने त्याला पुढे पिटाळले.

"हिच्याबरोबर द्यावी म्हणतो," आचारी गोधडीकडे बघत म्हणाले. "एक गोदामवाला हिला नेतो म्हणालाय. राखणीला."

"बेबी आणि राखण?"

"साखळीनं बांधून ठेवणार. दुसरं कोण घेतंय? पिटबुल म्हटलं की फोनच ठेवून देतात. दुसऱ्या कुत्र्यांशी हिचं पटत नाही, ते मी कधी लपवलं नाही. पण माणूस दिसला की वेडी होते." ते थोडे थांबले. "तुझ्याचं काय ठरलं गं?"

फटकळ म्हणून नाव झालेल्या त्या बाईला 'तो सुटला' एवढेही म्हणवेना.

"बघू," ती म्हणाली. वर जाऊन तिने भोपळ्याला खोलीत सोडले आणि परत खाली आली. "द्या तिचा पट्टा. तुमचे गुडघे दुखतायत ना? आज मी फिरवून आणते."

बेबी तोलून, जडपणे चालली. दर दोन खांबांमागे ती थांबून मागे पाही. आपला पट्टा धरून निघालेले माणूस अजून आहे ना, याची खात्री करून घेई. कवळीवालीने पट्टा आखूड धरला होता. समोरून कुत्रे येताना दिसले की ती रस्ता ओलांडे. गोदामाच्या साखळीचा विचार डोक्यातून जात नव्हता.

परतताना फाटकापाशी मालकीणबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांनी हात हलवला. चक्क हसून.

"ये, ये! तुझ्या ताईचा फोन आला होता. मला मेलीला काय ठाऊक! पिटबुल नाहीच म्हणे!"

झारी एका हातात तशीच धरून त्या पुढे आल्या आणि दुसरा हात त्यांनी कुत्र्याच्या डोक्यावर ठेवला. आधी बोटांच्या टोकांनी, मग सबंध तळव्याने. बेबीने सगळा भार त्यांच्या गुडघ्यावर टाकला.

"बघ तरी, डोळे किती गरीब! मी तर आधीपासून म्हणत होते, याच्या तोंडावर तसलं काही दिसतच नाही."

कवळीवाली पट्टा धरून उभी राहिली. नुसते हसून वर निघून गेले असते तरी चालले असते. भोपळ्या कायमचा सुटला होता.

"मालकीणबाई," ती म्हणाली, "हा भोपळ्या नाही. भोपळ्या वर आहे. ही बेबी. आचाऱ्यांची. अस्सल पिटबुल."

झारी कलंडली. पाणी मालकीणबाईंच्या चपलेवर सांडत राहिले.

"आणि हेही सांगून ठेवते. ही महिनाअखेर जाणार असेल, तर भोपळ्या आणि मीही खोली सोडतो."

मालकीणबाईंचा हात बेबीच्या डोक्यावर होता तिथेच थिजला होता. तो का थांबला हे बेबीला कळेना; तिने नाक वर करून तळव्याला हलकेच ढुशी दिली. तळवा उचलला गेला, जरा वेळ हवेत राहिला. मालकीणबाईंनी झारी खाली ठेवली आणि वाकून त्या पांढऱ्या तोंडाकडे खूप वेळ बघत राहिल्या.

"डोळ्यांत चिपडं साचलीयत हिच्या," शेवटी त्या कुरकुरल्या. "तुझ्या त्या आचाऱ्याला म्हणावं, ओल्या फडक्यानं पुसत जा रोज."