शेवटचा डबा

सिनेमा तसा टुकारच होता. सतरा वर्षांची पोरगी, एकोणीस वर्षांचा पोरगा, तिच्या बापाचा नकार, सायकलवर डबलसीट आणि उठता बसता गाणी. बाकी सगळीकडे आठवड्याभरात गुंडाळला गेला. पण या गावाला त्याने असं काही येड लावलं की बोलायची सोय नाही. एकसष्ट आठवडे चालला! पोरं शाळा बुडवून यायची. पोरी आरशासमोर उभ्या राहून नायिकेसारखी मान वेळावायच्या आणि आयांचे धपाटे खायच्या.

पुढे निर्माते दोघे भाऊ कोर्टात एकमेकांच्या उरावर बसले आणि सिनेमा जो गायब झाला तो झालाच. ना टीव्हीवर आला, ना मोबाईलवर. आता अठ्ठावीस वर्षांनी खटला मिटला होता, आणि तो धुऊनपुसून, नवा करून पुन्हा त्याच थेटरात लागणार होता. मान वेळावणाऱ्या पोरींचे गुडघे आता दुखत होते, पोरांना टकलं पडली होती, पण तिकिटांसाठी काय ती झुंबड! गावाची तीच गत, म्हातारं होईल पण शहाणं व्हायचं नाही.

एकटा ऑपरेटर तेवढा हवालदिल झाला होता. तिथल्या मशीनवर त्याने सदतीस वर्षं काढली, सगळं गाव त्याला ऑपरेटरकाकाच म्हणायचं. हा सिनेमा गावाला अर्धवट ठाऊक आहे, हे माहीत असलेला तो शेवटचा माणूस होता.

झालं होतं असं. सिनेमा लागल्याच्या चौथ्या दिवशी जुना मालक धापा टाकत केबिनमध्ये आला. म्हणाला, "बायका रडत बाहेर पडतात, खालचं पब्लिक खुर्च्या फाडतं. शेवटचा डबा उडव." मालकाचा हुकूम. ऑपरेटरने शेवटचं रीळ बाजूला काढलं. पोरगा-पोरगी पळून जाऊन बसमध्ये बसतात, बस वळणावरून दिसेनाशी होते, तिथेच कात्री लावली आणि 'समाप्त'चा तुकडा चिकटवून टाकला. जोड असा बेमालूम की कुणाच्या बापाला कळला नसता. पहिल्या तीन दिवसांत आलेली माणसं मूठभर. त्यांनाही पुढे वाटायला लागलं, आपलंच काहीतरी चुकतंय.

कापलेली अकरा मिनिटं अशी होती. बस पोचते. पोराचा हात उठायला लागतो. पोरगी एका रात्री परत येते, बापाचं दार वाजवते. बाप आत जागा असतो. तो दिवा फुंकतो आणि श्वास रोखून अंधारात बसून राहतो. ती निघून जाते. सकाळी तिला कालव्यातून बाहेर काढतात.

ते रीळ ऑपरेटरने परत पाठवलं नाही. मशीन तपासायच्या निमित्ताने तो सकाळी रिकाम्या थेटरात तेच लावायचा. त्या अख्ख्या सिनेमात त्याला तो बापच काय तो खरा माणूस वाटायचा. काय ताठ बसतो, काय निश्चय! गाव त्या सिनेमातून प्रेम करायला शिकलं. हा गडी शेवटच्या डब्यातून बाप व्हायला शिकला.

आणि त्याची स्वतःची पोरगी काय शिकली? आई नसलेली पोर, केबिनमध्येच वाढलेली. चिमी म्हणायचा तो तिला. परीक्षेमुळे पहिला आठवडा तिचा हुकला, पुढे मात्र साठ-सत्तर वेळा तिने तो सिनेमा केबिनच्या खिडकीतून पाहिला. बस वळणावरून गेली की सगळं छान होतं, एवढंच तिला माहीत. चाळिसाव्या आठवड्यात ती पंक्चरवाल्याच्या पोराबरोबर बसमध्ये बसून गेली.

चौदा महिन्यांनी एका दुपारी ती परत आली. ऑपरेटर तापाने घरीच होता, उशाशी रेडिओ चालू होता. दार वाजलं. "बाबा, मी आहे. बाबा, उघडा ना." त्याने हात लांब करून रेडिओ बंद केला आणि बसून राहिला. ताठ. अर्ध्या तासाने पावलं दूर गेली.

ती नवऱ्याकडेच परत गेली. जाणार कुठे? डावा कान गेला. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा मारानेच पोट पडलं. तीन वर्षांपूर्वी दारूने नवरा मेला, तेव्हा एक पिशवी घेऊन ती पुन्हा दाराशी आली. या वेळी म्हाताऱ्याने दार उघडलं. तिने काही विचारायच्या आतच तो बोलून बसला, "त्या दिवशी तू आली होतीस म्हणे. मी थेटरात होतो गं. असतो तर उघडलं नसतं का?"

"मला रेडिओ ऐकू आल्यासारखा वाटला," ती म्हणाली.

"शेजारचा असेल."

तिने मानलं. मनापासून मानलं, आणि तेव्हापासून त्याच्या गोळ्या, त्याचा चहा, त्याच्या पायांना तेल, सगळं हसतमुखाने केलं. ते सगळं घर त्या एका थापेवर उभं होतं, आणि आता पडद्यावरचा बाप गावासमोर दिवा फुंकणार होता.

ऑपरेटर थेटरात गेला. मालकाच्या पोराला म्हणाला, "शेवटचा डबा नको लावूस रे." पोरगा हसला. "काका, डबा कसला? कॉम्प्युटरमध्ये आहे सगळं. मला हात लावता येत नाही." मग घरी येऊन त्याने डोकं दुखत असल्याचं सोंग आणलं.

"मग तुम्ही झोपा, मी जाते," चिमी म्हणाली. "आयुष्यात एवढीच एक गोष्ट मी मनासारखी पाहिली, बाबा. ती नाही सोडणार." तिने ठेवणीतली साडी नेसली होती. तो मुकाट्याने तिच्याबरोबर गेला.

थेटर तुडुंब भरलं होतं. लोक नटांच्या आधीच संवाद म्हणत होते, शिट्ट्या मारत होते, आणि सेहेचाळीस वर्षांची चिमी अठराची होऊन हसत होती. बस वळणावरून गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून चपला शोधायला लागले.

सिनेमा चालूच राहिला.

उभे राहिलेले हळूहळू खाली बसले. पोराचा हात उठला. चिमीचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला. मग ते दार आलं, तो दिवा आला, आणि अंधारात बसलेला तो बाप. "उघड की मेल्या!" ती ओरडली. भर थेटरात, मोठ्याने. ऑपरेटर तिच्या उजव्या बाजूला बसला होता. त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता जीव जावा.

दिवे लागले आणि एकच गोंधळ उडाला. "शेवट बदलला! आमच्या सिनेमाची वाट लावली!" मालकाच्या पोराला लोकांनी घेरलं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अरे, ऑपरेटरकाका इथेच आहेत! काका, तुम्ही सांगा, असा शेवट नव्हता ना?"

सगळ्या माना वळल्या. नव्हता, एवढं म्हटलं की सुटला. गाव त्याला खांद्यावर घेऊन नाचलं असतं. त्याने तोंड उघडलं ते तेच म्हणायला. पण चिमीने चांगला कान त्याच्या तोंडाजवळ आणला होता. त्याचा शब्द चुकू नये म्हणून. तिचा अजून त्याच्यावर विश्वास होता, आणि तेच त्याला सोसवेना.

"होता," तो म्हणाला. "चौथ्या दिवशी मीच कापला. माझ्याकडेच होता तो डबा. मी रोज बघायचो."

लोक काय काय बोलले ते त्याला धड ऐकू आलं नाही. एक बाई रडत म्हणत होती, "काका, आम्हाला सांगायचंत तरी." चिमी उठून बाहेर पडली. बाहेर रस्त्यावर दुपारचं रणरणतं ऊन होतं. ती पुढे चालत होती, तो मागे. कोपऱ्यावर ती थांबली.

"तो रेडिओ आपलाच होता. घरातच होता तुम्ही."

त्याने मान डोलावली.

"मी आत बसून त्या नटाला शिव्या घालत होते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पण त्या बिचाऱ्याला कुठे माहीत होतं, सकाळी काय होणार ते? तुम्ही तर रोज बघत होता, बाबा."