कोफ्त्यातली जवारी

दूर अमेरिकेत कसली लढाई लागली आणि इकडे अचलपुरात माणसांची डोकी फिरली. कापसाला असा भाव आला की लोक हरभरा विसरले, तूर विसरले. काहींनी तर घरामागची भेंडी उपटून तिथंही सरकी टोचली.

इनायतुल्ला त्यातलाच. कापसाच्या गाड्या अमरावतीला नेऊन विकायचा आणि परत आला की धाकट्या भावाला, फारुखला, शहाणपण शिकवायचा. वावर दोघांचं सामाईक. इनायतुल्लाला ते सगळं कापसाखाली हवं होतं, फारुखला अर्ध्यात जवारी. गेल्या साली फारुखनं हट्टानं जवारी पेरलीही. यंदा मात्र बोलाचाली इतकी वाढली की वाटणीच ठरली. वावर वेगळं म्हणजे चूलही वेगळी. इनायतुल्लाची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, ती यायच्या आत दुसरी चूल घालायची म्हणून कुंभारणीला शनिवारचा सांगावा गेला.

आई आयशाबी कोणाशी भांडली नाही. शुक्रवारी सकाळी फारुखच्या बायकोला, शकीलाला, म्हणाली, "आज कोफ्ते करू."

"मटणाचं सालन करू न अम्मा. लवकर होते."

"सालनात नळी कोणाले गेली, चरबी कोणाले गेली, हेच पाहत बसतात दोघं. कोफ्ता सगळ्याइले सारखा."

आयशाबीच्या माहेरची रीतच होती ती. घरात तेढ आली की मटण पाट्यावर जायचं. शकीला वाटायला बसली. वाटून वाटून खांदे भरून आले, पण तिनं हात थांबवला नाही. मोठी जाऊ तिला बहिणीसारखी होती, तिच्याशिवाय वेगळं जेवायचं या कल्पनेनंच तिचा जीव कासावीस व्हायचा.

मटण बांधायला फुटाण्याचं पीठ लागतं आणि मडक्यात एक फुटाणा नव्हता. इनायतुल्ला ओसरीवरून उठला.

"फुटाणे तं पायजेत. आत्ता आणतो," म्हणत त्यानं कंबरेचा पैशाचा कसा आवळला.

बऱ्याच वेळानं आला तो रिकाम्या हातानं, तोंड पाडून. भडभुंज्याची भट्टी थंड होती. खुशालराव वाण्यानं तर तोंडावरच विचारलं होतं, "हरभरा पेरला कोणं, मियाँ? तुमी पेरला काय?"

तोवर शकीलानं नुसत्या मटणाचा एक गोळा रश्शात सोडून पाहिला होता. तो पार विरघळला. आयशाबीनं पळी खाली ठेवली. सगळ्यांना सारखं वाढायची तिची एवढीच युक्ती होती.

"अम्मा, जवारीच्या लाह्या कुटून घालू काय?" शकीलानं विचारलं.

"असं कोणी करत नाही, बाई."

"मंग आपण करू."

फारुखनं कणगीतून जवारी काढून दिली. शकीलानं लाह्या फोडल्या, कुटल्या, मटणात मळल्या. कोफ्ते सोडल्यावर पळी घातली नाही, फडक्यानं पातेलं धरून नुसतं हलवत राहिली. रस्सा दाटला आणि एकही कोफ्ता फुटला नाही.

दोघं भाऊ समोरासमोर जेवायला बसले. इनायतुल्लानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला.

"फुटाणे कुठून भेटले?"

फारुखला टोमणा मारायची याहून चांगली संधी आली नसती. तो खाली मान घालून जेवत राहिला.

"जवारी हाय ते," आयशाबी म्हणाली. "तुह्या भावाची."

इनायतुल्लानं ताटातला एक कोफ्ता मोडून पाहिला. मग म्हणाला, "अम्मा, कुंभारणीले निरोप धाडा. उद्या येऊ नको म्हना."

"अन् वावर?" फारुखनं विचारलं.

"अर्ध्यात जवारी पेर. पैशानं कसा भरून हिंडलो आज, मले मूठभर फुटाणे कोणी देल्ले नाही."

आत शकीला पातेलं धरून उभी होती. ती तिथंच बसली आणि ओढणीत तोंड घालून रडली, आनंदानं. आयशाबीनं तिला हाक मारली.

"ये बाई, तूबी बस जेवाले. रश्शात अजून लय कोफ्ते हायेत."