जोडीचा आकडा

आमच्या व्यायामवर्गात आकडे प्रशिक्षिका मोजत नसे. आम्ही बाराजणी मोजत असू. गोलात मांडलेल्या खुर्च्यांवरून एकेकीने उठायचे आणि उठताना आपला ठरलेला आकडा मोठ्याने म्हणायचा. बोलताना श्वास कोंडत नाही, असे तिचे सांगणे होते आणि ते खरे ठरले. तीन महिन्यांत मी कठडा न धरता जिना चढू लागले.

दुसरा नियम जोडीचा होता. एक-दोन, तीन-चार, अशा जोड्या. जोडीतली एक आली नाही, तर दुसरीने त्याच दिवशी तिच्या घरी जाऊन दार वाजवायचे.

मी आठ. माझ्या जोडीची सात ही शिवणकाम करणारी बाई. जिभेलाही सुईचे टोक.

"आठबाई," एकदा ती सर्वांदेखत म्हणाली, "गुडघा तुमचा ठणठणीत आहे. वाकत नाही तो ताठा!"

सगळ्या खदखदून हसल्या. मी हसले नाही. माझ्यापुढे माझ्या दिरांनीही कधी आवाज चढवला नव्हता.

पुढच्या मंगळवारी सात आली नाही. 'सहा'नंतर एक श्वास रिकामा गेला आणि मी 'आठ' म्हटले. त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले नाही. गरज तिला असेल तर तिने निरोप धाडावा, असे मी स्वतःला बजावले. गुरुवारी शेजाऱ्यांनी दार फोडले. ती स्वयंपाकघरात फरशीवर पडलेली होती. मंगळवारी रात्रीपर्यंत जीव असावा, असे डॉक्टर म्हणाले.

वर्गातून तिची खुर्ची उचलली गेली. आकडे मात्र कोणी बदलले नाहीत. पुढच्या वर्गात 'सहा' झाले आणि त्या रिकाम्या श्वासात माझ्या डाव्या कानाशी कोणीतरी स्वच्छ म्हणाले, "सात."

"आजी, थांबलात का? आठ!" प्रशिक्षिका म्हणाली. बाकी कोणी काही ऐकले नव्हते.

दर वर्गात तो आवाज कानाच्या अधिक जवळ येऊ लागला. अखेर गुडघ्याची सबब सांगून मी जाणेच सोडले. दोन महिन्यांत जिन्याचा कठडा पुन्हा हातात आला. न्हाणीघरात एकदा पडलेही.

"आई, आणखी एकदा पडलीस तर या घराला कुलूप," मुलाने सांगितले. "मग तू आमच्याकडे. वाद नको."

"माझ्या घराला कुलूप मीच लावीन," मी म्हणाले. पण रात्री उशाशी किल्ली घेऊन झोपू लागले.

आणि एका मंगळवारी सकाळी, ऐन वर्गाच्या वेळी, मी स्वयंपाकघरात पडले. फोन बाहेरच्या खोलीत वाजून वाजून थांबला. तिकडे आता माझा आकडा रिकामा जात असेल, आणि माझे दार वाजवायला जोडीला कोणी उरलेले नाही, हे ध्यानात आले तेव्हा फरशीचा गारठा हाडांत शिरला.

दार वाजले. तीनदा. ते उघडल्याचा आवाज आला नाही. पाऊल वाजले नाही. माझ्या डाव्या बाजूला, फरशीलगत, कोणीतरी म्हणाले, "सात."

"मी आले नव्हते," मी म्हणाले. "यायला हवे होते. चुकले माझे." हे शब्द मी आयुष्यात कोणापुढे उच्चारले नव्हते.

"सात," ती पुन्हा म्हणाली, पुढच्या आकड्याची वाट पाहावी तशी.

शिकवले होते तसे मी कुशीवर वळले. एक गुडघा टेकवला, दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर रोवले, आणि "आठ!" म्हणत उभी राहिले.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. त्याच्याकडची जादा किल्ली हातात घेऊन मुलगा धापा टाकत आत आला.

"फोन का उचलत नव्हतीस? पडली होतीस?"

"पडले होते. उठलेही. कुलपाचा विषय संपला."

तो मान हलवणार, तोच थबकला. खोलीभर नजर फिरवली. "आई, मी दाराशी असताना 'सात' कोण म्हणालं?"

आवाज मी हलू दिला नाही. "माझी जोडीदारीण. वर्गात तिची खुर्ची परत मांडायला सांगायची आहे. गाडी काढ."

तो खाली गेला. बाहेर पडताना मी दार उघडे धरून क्षणभर बाजूला सरले. सात आधी, आठ नंतर.