लवकर गुण न आल्यास

छापखान्यात तिला सगळे 'प्रुफंवाल्या बाई' म्हणत आणि घरी तिला कुणी काहीच म्हणत नसे. नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे वन्सं, गेली अकरा वर्षं तिच्याशी थेट बोललेल्या नव्हत्या. बोलायचं ते भिंतीकडे बघून. "कुणीतरी दूध उतू घालवलंय." "कुणाला तरी दार ओढून घ्यायचं वळण नाही." घरात माणसं तीन. त्यातल्या एक वन्सं, दुसरा त्यांचा भाऊ, जो दिवसभर खालच्या मजल्यावर डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करत बसे. तेव्हा 'कुणीतरी' म्हणजे कोण, हे काही कोडं नव्हतं.

तेही तिने अंगवळणी पाडून घेतलं असतं. पण सहा वर्षांपूर्वी तिची आई वारली. तो फोन वन्संनी घेतला आणि निरोप दोन दिवस पोटात ठेवला, कारण त्यांच्या मैत्रिणी मुक्कामाला यायच्या होत्या आणि रांधायला दुसरं कोण होतं? ती माहेरी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. आईची खोली धुऊनसुद्धा झाली होती. तिच्या वाट्याला एक कापडी पिशवी आली. आत नदीतले गोटे, पक्ष्यांची पिसं, वाळक्या शेंगा, कसल्या कसल्या मुळ्या. आई याच वस्तूंचे तोडगे करायची. बाळ झोपेतून दचकत असलं, कुणाचं मन थाऱ्यावर नसलं, की माणसं तिच्याकडे यायची.

ती पिशवी घेऊन ती परतली. दुसऱ्या दिवशी वन्सं भिंतीला म्हणाल्या, "कुणीतरी घरात कचरा आणला होता, मी गाडीत टाकला."

तिने त्या दिवशी भांडी घासली, कपडे वाळत घातले आणि कामाला गेली. नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ताईचा स्वभाव तुला माहीत आहे ना."

पुढे एकदा छापखान्याचे मालक तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "बाई, समोरचे छापखानेवाले वशीकरणाचं पुस्तक सातव्यांदा छापतायत. आपलंही एखादं हवं. प्रुफं तपासता तपासता तुम्ही असली ढीगभर वाचली असतील."

"वाचलीत. सगळी टाकाऊ आहेत."

"मग चांगलं तुम्हीच लिहा."

तीन महिने जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून, तिने ते लिहिलं. नाव ठेवलं 'दगड, मूळ, पीस'. लेखिकेच्या जागी मालकांनी छापलं, 'एक अनुभवी गृहिणी'. आईचे शब्द तिने जसेच्या तसे उतरवले. दगड दिसला की लगेच पिशवीत टाकायचा नाही. आधी मुठीत धरायचा, ऊब धरली तर आपला, गार राहिला तर होता तिथे ठेवायचा. पीस गळलेलंच घ्यायचं, उपटलेलं नाही. मूळ खणताना झाड जगेल एवढं मागे ठेवायचं. लिहिताना तिला आईचा आवाज ऐकू यायचा आणि कधी कधी डबा तसाच राहायचा.

पहिलं प्रकरण मात्र तिचं स्वतःचं होतं: 'या विषयावरचं चांगलं पुस्तक कसं ओळखावं'. जे पुस्तक प्रत्येक दुखण्यावर उपाय देतं ते खाली ठेवा. जे लेखकाच्याच दुकानातून अंगठी घ्यायला सांगतं तेही. चांगलं पुस्तक काय करू नये हे आधी सांगतं आणि कुठे थांबायचं हेही सांगतं. जे रक्त मागेल, कुणाच्याही देहाला, तुमच्या स्वतःच्यासुद्धा, इजा करायला सांगेल, ते मिटा आणि पुन्हा उघडू नका.

मालकांनी सगळं वाचून मान डोलावली. "छान आहे, पण मवाळ आहे. घरातलं नकोसं माणूस जावं म्हणून काहीतरी घाला. लोक त्यासाठीच येतात." आईकडे असलं काही नव्हतं. तिने बाविसाव्या पानावर बेतून दिलं: पांढऱ्या रेघेचे तीन राखाडी गोटे, एक रिकामी शेंग, कापडात बांधून त्या माणसाच्या गादीखाली. कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

पुस्तक हातोहात गेलं.

एका दुपारी ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. बाहेर वन्संची मैत्रीण आली होती आणि वन्संचा आवाज आत येत होता. "चौदा पुस्तकं चाळली मी. दुकानदार कंटाळला. बाकी सगळी भोंदू. हे एकच असं आहे की आधी सांगतं, बाई गं, हे करू नकोस. लिहिणारी कुणीतरी शहाणी, खानदानी बाई असणार, अक्षराअक्षरातून कळतं."

चौथ्या दिवशी स्वतःची गादी उन्हात टाकताना तिला खाली पुरचुंडी सापडली. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने गोटे एकेक करून तळहातावर घेतले. अगदी निवडून आणलेले. गोल, राखाडी, प्रत्येकावर पांढरी रेघ, पुस्तकात लिहिली होती तशी. पन्नाशीच्या वन्सं त्यासाठी नदीवर चालत गेल्या असणार, वाकून, मुठीत धरून, ऊब लागेपर्यंत थांबल्या असणार. अकरा वर्षांत त्यांनी तिचं इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं.

तिने पुरचुंडी पुन्हा बांधली आणि होती तिथे ठेवली.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मालकांनी विचारलं, "काही भर घालायचीय?" ती हो म्हणाली. आधीच्या सगळ्या पुस्तकाला तीन महिने लागले होते. या पानाला अर्धा तास लागला. पान त्रेसष्ट. मथळा, 'लवकर गुण न आल्यास'. नकोसं माणूस गोट्यांनी हललं नाही, तर चाळीस दिवस दुपारपर्यंत एकही शब्द बोलू नये, त्या माणसाने काहीही विचारलं तरी. एकेचाळिसाव्या दिवशी स्वतःचे केस स्वतःच्या हाताने, आरशात न बघता, सुरीने मुळापासून कापावेत आणि गोट्याला बांधून वाहत्या पाण्यात सोडावेत. मग तिने जरा थांबून शेवटची ओळ लिहिली: 'केस जितके लांब आणि जितके लाडके, तितका गुण लवकर.'

वन्संचे केस गुडघ्याला टेकायचे. एक पांढरा नाही. दर रविवारी धुऊन त्या गॅलरीत वाळवत उभ्या राहत, तेव्हा रस्त्यावरची माणसं वर बघत. त्यांचं लग्न मोडलं होतं, नोकरी झाली नव्हती, मूलबाळ नव्हतं. केस होते.

दुकानाच्या काचेत 'नव्या प्रकरणासह' अशी पट्टी लागली आणि पंधराव्या दिवशी वन्संची सकाळ मुकी झाली.

ते चाळीस दिवस तिने चवीचवीने घालवले. "वन्सं, चहात साखर बरोबर आहे ना?" वन्सं कपाकडे बघत. "वन्सं, दूध उतू गेलं माझ्याकडून. काहीच बोलला नाहीत?" वन्संच्या मानेची शीर ताठ व्हायची. एकदा तर मुद्दाम त्यांच्या आईच्या ताटल्यांतली एक तिने हातातून सोडली. ताटली फुटली. वन्संनी ओठ असा चावला की दाताची खूण दुपारपर्यंत राहिली. ती तुकडे गोळा करताना म्हणाली, "राग नाही ना आला?"

एकेचाळिसाव्या दिवशी न्हाणीघराचं दार तासभर बंद होतं. वन्सं बाहेर आल्या तेव्हा हातात ओला टॉवेल गुंडाळलेला होता आणि डोक्यावर कुठे बोटभर खुंट, कुठे उघडी कातडी. कानामागे दोन ठिकाणी रक्त आलं होतं. भाजीची सुरी वापरली होती.

"वन्सं, हे काय केलंत?" तिने विचारलं. आवाज नीट सांभाळला.

वन्संनी भिंतीकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. चेहरा उजळला होता. "कुणाला तरी लवकरच कळेल," त्या म्हणाल्या आणि टॉवेल घेऊन नदीकडे गेल्या.

भावाने विचारलं तेव्हा वन्सं म्हणाल्या, "उष्णता झाली होती." तो बहिणीच्या डोक्याकडे बघत राहिला, घास तसाच हातात. ती मात्र त्या दिवशी पोटभर जेवली.

पंधरवड्याने छापखान्यात एक मुलगी आली. वीसेक वर्षांची असेल, डोक्याला घट्ट रुमाल. पुस्तक कुणी लिहिलं म्हणून विचारत होती. मालकांनी बोट दाखवलं.

मुलगी टेबलासमोर उभी राहिली. "बाई, मी पान त्रेसष्ट केलं. सगळं केलं. गुण नाही आला."

"कुणासाठी केलंस?"

"घरी काका राहायला आलेत. ते जावेत म्हणून." ती खाली बघत होती. "आईला सांगून बघितलं. ती म्हणते, तुझ्या मनाचे खेळ. माझ्या खोलीला कडी नाही, बाई. केस कापले तर त्यांना मी आवडणार नाही, असंही वाटलं होतं. ते नुसते हसले."

शेजारच्या टेबलावर मालक कागद मोजत होते. त्यांचा हात थांबला होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या जिभेवर आलंही. पण त्या वाक्यामागून दुसरं येणार होतं, हे पान कुणासाठी लिहिलं ते.

"कशाने कापलेस?" तिने विचारलं.

"कात्रीने."

"पुस्तकात सुरी लिहिलंय."

मुलीने रुमालाची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, "म्हणजे माझंच चुकलं."

"हो."

"मग पुन्हा करायचं?"

"केस वाढले की."

मुलगी गेल्यावर तिने प्रूफ पुढे ओढलं. त्या पानावर नऊ चुका राहून गेल्या. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मुलीने मालकांकडून घरचा पत्ता मिळवला असावा. चार दिवसांनी ती सरळ घड्याळाच्या दुकानात शिरली आणि पुस्तकवाल्या बाई इथेच राहतात का म्हणून विचारू लागली. बोलता बोलता रुमाल सरकला. नवऱ्याने डोळ्याचं भिंग काढलं. घरात असंच एक डोकं तो रोज पाहत होता. त्याने मुलीला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग दुकान बंद करून तो तिला तिच्या मावशीच्या घरी पोचवून आला, आणि तिच्या आईला तिथे बोलावून घेऊन कडीचीही गोष्ट सांगून आला. जन्मात त्याने कुणाच्या भानगडीत एवढं लक्ष घातलं नव्हतं.

ती कामावरून आली तेव्हा तो दुकानातच बसला होता. पुढ्यात वन्संची प्रत, त्रेसष्टाव्या पानावर उघडलेली.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"ताईसाठी?"

 भिंतीवरची वीस-पंचवीस घड्याळं आपापली वेळ दाखवत होती.

"सामान भर," तो म्हणाला.

"अकरा वर्षं त्या मला भिंतीमार्फत बोलल्या. माझी आई मेली ते मला दोन दिवस कळू दिलं नाही. तेव्हा तुम्ही एक शब्द काढला नाहीत."

"नाही काढला. ते माझं पाप. पण ती पोरगी तुझी कोण लागत होती? तिचं काय चुकलं होतं?" त्याने पुस्तक मिटलं. "ताईला यातलं काही सांगू नकोस. एवढंच मागतो."

एका बॅगेत तिचं सगळं मावलं. दारात वन्सं उभ्या होत्या, डोक्यावर जेमतेम नखभर केस. सगळे पांढरेच उगवत होते. त्यांनी बॅगेकडे पाहिलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी नीट बोलल्या, अगदी मायेने.

"निघालीस? जपून जा हो."

नवऱ्याने मागितलेलं तिने तिथेच मोडलं. "वन्सं, ते पुस्तक मी लिहिलंय. पान त्रेसष्ट मी तुमच्यासाठी लिहिलं. त्यात काही नाही. नुसते तुमचे केस जावेत म्हणून लिहिलं."

वन्संनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मग त्यांना हसू आवरेना. भिंतीला टेकून त्या हसल्या, डोळे पुसले. "तू? अगं, तुला धड दूध तापवता येत नाही. ती बाई कुठे, तू कुठे." मग डोक्यावरून हात फिरवत शांतपणे म्हणाल्या, "आणि काही नव्हतं त्यात, तर तू चाललीस कशी?"

 ती जिना उतरली. दुकानाचं दार अर्धं लोटलेलं होतं आणि आतल्या माणसाने मान वर केली नाही.

छापखान्यामागे कागदाच्या रिमांची खोली होती, तिथे मालकांनी तिला राहू दिलं. महिन्याभरात तिसरी आवृत्ती निघाली. तिने मालकांना सांगितलं, त्रेसष्टावं पान काढा. कारणही सांगितलं, काही न लपवता. मालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, लोक तेवढ्या पानासाठी पुस्तक घेतायत. आणि हे बघा, आजच आलंय. हे सुरुवातीला छापायचं."

ते एका वाचक महिलेचं पत्र होतं. अक्षर तिच्या ओळखीचं. 'मी चौदा पुस्तके पाहून हेच निवडले. माझ्या घरातील अकरा वर्षांची पीडा या पुस्तकामुळे, केस पाण्यात सोडल्यापासून वीस दिवसांत गेली. लेखीकेचे उपकार मी विसरणार नाही. माझ्या पाच मैत्रीणींना मी हे पान दाखवले आहे. त्यांनीही सुरूवात केली आहे.'

मालक टेबलाशी उभे होते, मशीन थांबलं होतं. तिने लाल पेन उघडलं, 'लेखिकेचे', 'मैत्रिणींना' आणि 'सुरुवात' दुरुस्त केलं आणि कागद त्यांच्या हातात दिला.