अर्ध्या मैलावरचं औषध

मी मॉर्फीनची डबी बोलतेय, आणि रागानं बोलतेय, आधीच सांगून ठेवते. काचेच्या कपाटात बसवून लोक माझं कौतुक करतात, त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या दुसऱ्या वर्षी मला स्कॉटलंडमधल्या एका टेकडीत, जमिनीखालच्या खोलीत आणून ठेवलं. वर मेंढ्यांची गव्हाण, तिच्याखाली झाकण. जर्मन आलेच तर गावातल्या सहा जणांनी इथे लपायचं आणि मागून घाव घालायचे. बायकोलासुद्धा सांगायचं नाही, अशी शपथ. माझ्या पोटात औषध भरलेल्या सुया होत्या. तळमळणाऱ्या माणसाला झोप लागावी, एवढ्यासाठीच माझा जन्म.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी त्या सहांपैकी मेंढपाळ आर्चीच्या बायकोवर, इसोबेलवर, कपडे उकळायचं भांडं कलंडलं. छातीपासून गुडघ्यापर्यंत भाजली. रस्ता बर्फानं बंद, डॉक्टर पलीकडच्या खोऱ्यात. मंगळवारी दुपारी आर्ची खाली उतरला आणि त्यानं मला उचललं. तुकडीचा प्रमुख मर्डो तिथेच बंदूक पुसत बसला होता.

"एकच सुई नेतो, मर्डो. तिचं ओरडणं ऐकवत नाही."

"घरात शेजारणी बसल्यात ना? ती एकाएकी गप्प झोपली तर विचारतील, काय दिलंस म्हणून."

"सांगेन काहीतरी."

"तू? बाजारात मेंढी विकताना तिचा खोकलासुद्धा सांगून टाकतोस. ठेव ती खाली."

मर्डोनं त्याचा हात धरला नाही. आर्चीनंच मला फळीवर परत ठेवलं. मला राग आहे तो त्याचा. औषध अर्ध्या मैलावर, आणि बाई चादर चावत पडलेली. गुरुवारी डॉक्टर पोचला. इसोबेल वाचली, पण पुन्हा कधी सरळ उभी राहू शकली नाही.

जर्मन आलेच नाहीत. तुकडी मोडली तेव्हा एका साहेबानं मला उलटसुलट करून पाहिलं आणि सील शाबूत म्हणून मर्डोची पाठ थोपटली. डोंबलाची शिस्त! आर्चीनं मरेपर्यंत तोंडातून अक्षर काढलं नाही.

आज सकाळी म्हातारी इसोबेल काठी टेकत या संग्रहालयात आली. इथली पोरगी कौतुकानं म्हणाली, "आजी, हे बघा तुमच्या यजमानांचं नाव. आणि ही त्यांची औषधाची डबी. एकदाही उघडावी लागली नाही."

इसोबेलनं माझ्याखालच्या चिठ्ठीवरचं साल वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"ही कुठे होती म्हणालीस?"

"तुमच्या घरामागच्या टेकडीतच की."

इसोबेल काठी टेकत काचेजवळ सरकली.

"तीन दिवस माझा हात धरून रडत होता तो," ती म्हणाली.

इसोबेलबाई, माझी एकच विनवणी आहे. ही काच फार जाड नाही. घाला काठी.