विषाणूची साक्ष

बदावीबाबांच्या यकृतातला काविळीचा विषाणू वर्षानुवर्षं गोळीखाली दबून होता. तो पुन्हा उसळला आणि त्यांच्या बायकोनं, हाजा बहिय्यांनी, गुन्हेगार घरातल्या घरातच ठरवून टाकला : सून.

"गोळी तू देतेस ना? मग चुकवलीसही तूच," मोलोखियाच्या भाजीची पानं खसाखसा चिरत त्या म्हणाल्या. "दिवसभर कुवेतला फोन! नवऱ्याशी बोलताना म्हाताऱ्याची आठवण कशाला होतेय?"

"एकही दिवस चुकवली नाही, हाजा," वगीदा म्हणाली. "बाबांना विचारा."

"देते गं ती..." बाबा पुटपुटले.

"तुम्हाला काल काय जेवलात ते तरी आठवतं का?" हाजांनी साक्षीदार बाद केला.

मन्सूरा शहरातल्या डॉक्टर नर्मीननी बाबांचं रक्त कैरोच्या प्रयोगशाळेत पाठवलं. "एक तर गोळी पोटात गेलेली नाही, नाहीतर विषाणूनं रूप बदललंय आणि गोळी त्याला जुमानत नाहीये. तपासणीत कळेल."

त्या दिवसापासून वगीदा नमाजानंतर एकच मागत होती : देवा, विषाणू बदललेला निघू दे. एकदा मागता मागता पलीकडून बाबांचं कण्हणं ऐकू आलं. कुणाच्या जिवावर आपण स्वतःचं नाव धुऊन मागतोय, हे कळून तिचे हात खाली आले. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं पुन्हा तेच मागितलं. माणूसच ती.

"बदललाय," निकाल वाचून डॉक्टर म्हणाल्या. "ही गोळी आता निकामी."

"हिनं दिली नाही म्हणूनच ना?"

"उलट, हाजा. गोळी पोटात गेलीच नसती, तर त्याला बदलायची गरजच नव्हती. तिच्याशी झुंजूनच तो असा निबर झाला. या जुन्या गोळीचं कितीही नेमानं घेतली तरी असं होतं."

वगीदानं आनंदाची वाट पाहिली. तो आला नाही. बाबा टोपीची कड चाचपत होते.

"मग आता माझं काय?"

"दुसरी गोळी आहे, बाबा. पण मधल्या काळात यकृत बरंच खराब झालंय. जपावं लागेल."



दुसऱ्या दिवशी सकाळी हाजा नव्या गोळीची बाटली घेऊन स्वयंपाकघरात आल्या. गल्लीभराच्या लोणच्यांच्या बरण्या त्याच उघडून देत.

"हे झाकण मला उघडत नाही," वगीदाकडे न बघता त्या म्हणाल्या. "तूच दे बाई."

वगीदानं झाकण फिरवलं. बाबांनी आपला पिवळट तळहात आधीच पुढे केला होता.